दिवा आणि बल्ब

माझ्या गाडीच्या फॉग लाइटांबद्दल पहिली आठ वर्षं मला काहीच मत नव्हतं. बंपरच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन गोल काचा आहेत, डॅशबोर्डवर त्यांचं एक बटण आहे आणि काचांवरचा चिखल वाळला की नखानं खरवडावा लागतो, एवढीच आमची ओळख. लावायची वेळ वर्षातून दोनदा यायची आणि लावले की बंद करायला मी विसरायचे.

मग एका पहाटे लांबच्या प्रवासात धुकं लागलं. सूर्य उगवायला अर्धा तास होता. रात्रभर आकाश निरभ्र होतं, वारा पडलेला होता, म्हणजे जमिनीलगत धुकं धरायला जे जे लागतं ते सगळं होतं. हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की एका वळणापर्यंत रस्ता होता आणि पुढच्या वळणाला नव्हता. मी अपर लावला. समोर कुणीतरी ओली चादर झटकून धरल्यासारखं झालं. डिपरवर आणला. मग ते बटण आठवलं. दाबलं, आणि काहीच झालं नाही. पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबलं.

धाकटा भाऊ शेजारी बसला होता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाला, "लागलेत गं ताई. पण हे दिवे आहेत की काजवे?"

बंपरच्या पुढ्यात रस्त्यावर दोन पिवळट डाग पडले होते, बस. कडेची पांढरी रेघ धरून, तिसाच्या वेगानं आम्ही तो पट्टा पार केला. वाटेत काही झालं नाही. ही गोष्ट मात्र मी नंतर कुणाला सांगितली नाही. सगळ्यांना सांगितलं ते हे की माझे फॉग लाइट अगदीच निकामी आहेत.

त्यावर उपाय काय हे सांगायला माणसं टपलेलीच असतात. एलईडी टाक. अर्ध्या तासाचं काम आहे. जुना बल्ब काढायचा, नवा बसवायचा. मी दिव्याच्या काचेवरची बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचली. तिथं एच-११ असं लिहिलं होतं. म्हणजे ५५ वॉटचा हॅलोजन. त्याची भावंडं असतात, ३५ वॉटचा एच-८ आणि १९ वॉटचा एच-१६, आणि एलईडीवाले या सगळ्यांना एकाच खोक्यात कोंबून 'कुठेही चालेल' असं लिहून मोकळे होतात. खरं तर तिथंच मला शंका यायला हवी होती. जी वस्तू तीन ठिकाणी चालते, ती त्यांतल्या एकाही ठिकाणासाठी बनवलेली नसते.

खोक्यावर लिहिलं होतं: २० वॉट, १५,००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप), जोडीला नव्हे, एकेका बल्बला. मी हिशेबाची माणूस आहे, पण त्या दिवशी मी हिशेब केला नाही. तो नंतर केला. एका वॉटमधून जास्तीत जास्त किती उजेड निघू शकतो याला निसर्गानंच मर्यादा घातलेली आहे. ६८३ लुमेन, आणि तेही सगळीच्या सगळी वीज डोळ्याला सर्वांत ठळक दिसणाऱ्या हिरव्या रंगात उतरली तर. पांढऱ्या उजेडाची मर्यादा त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि प्रत्यक्षातल्या चांगल्या एलईडीची त्याहून खूपच खाली. २० गुणिले ६८३ म्हणजे १३,६६०. खोक्यावरचा आकडा विज्ञानाच्या कमाल मर्यादेच्याही पलीकडे गेला होता. जुन्या हॅलोजनचे लुमेन होते साधारण १,३५०. त्याच्या अकरापट उजेड मिळणार या आनंदात मी खोकं घरी आणलं.

अर्धा तास म्हणाले होते. पहिला अर्धा तास मला दिव्याची पाठ शोधण्यात लागला.

फॉग लाइट समोरून दिसतो, पण त्याचा बल्ब मागून बसतो आणि ती मागची बाजू बंपर आणि चाक यांच्यामधल्या एका अंधाऱ्या सांदीत असते. त्यासाठी स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं, म्हणजे चाक तिरकं होऊन हात घालायला जागा होते. मग चाकावरच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवायचं. ते प्लॅस्टिकच्याच क्लिपांनी अडकवलेलं असतं. क्लिपच्या मधला खिळा आधी उचलायचा आणि मग सगळी क्लिप ओढायची. मला हे कळेपर्यंत दोन क्लिपा तुटल्या होत्या. गाडी जॅकवर चढवायची गरज पडली नाही हे बरं झालं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, एवढा एक नियम मी आयुष्यभर पाळत आले आहे.

अस्तर बाजूला वाकवून कोपरापर्यंत हात आत घातला. आत वाळलेला चिखल, एक पान, कोळ्याचं जाळं आणि कनेक्टर. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनीच बघायचं. कनेक्टरला एक छोटी जीभ असते, ती दाबून ओढलं की तो सुटतो. पण त्यासाठी जीभ सापडायला हवी, सापडली तर दबायला हवी. माझ्या दिव्यावरची जीभ आठ वर्षांच्या धुळीनं घट्ट झाली होती. तोंडानं नको नको ते बोलत, गाल मडगार्डला टेकवून मी तिथं किती वेळ बसले कोण जाणे. धाकटा टॉर्च धरून उभा होता. टॉर्च धरणारा माणूस नेहमी चुकीच्याच जागी उजेड पाडतो. "तिकडे नाही रे, इकडे," असं मी त्या दिवशी पंचवीस वेळा तरी म्हणाले असेन. त्या वाक्यातच पुढच्या दोन महिन्यांची सगळी गोष्ट होती, हे तेव्हा कळलं नाही.

कनेक्टर सुटला. बल्ब डावीकडे पाव फेरा फिरवला आणि तो हातात आला.

आठ वर्षांचा सोबती मी पहिल्यांदाच पाहत होते. करंगळीच्या पेराएवढी काच आणि तिच्या आत जेमतेम चार-पाच मिलिमीटरची गुंडाळलेली तार. टंगस्टनची. टंगस्टन वितळतं ३,४२२ अंश सेल्सिअसला आणि ही तार पेटते २,८०० अंशांच्या आसपास, म्हणजे वितळण्यापासून थोडीच अलीकडे थांबून ती आयुष्य काढते. तापलेल्या तारेतून टंगस्टनचे कण सुटत राहतात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर जाऊन बसतात आणि काच काळी पडते. इथं आत आयोडीन किंवा ब्रोमीनसारखा हॅलोजन भरलेला असतो, तो सुटलेल्या कणांना धरून पुन्हा तारेपाशी आणून सोडतो. माझ्या बल्बची काच आठ वर्षांनीही स्वच्छ होती. त्या काचेला उघड्या बोटांनी हात लावायचा नसतो. बोटांचं तेल लागलं की त्या ठिकाणी काच जास्त तापते आणि तडकू शकते. हे मला माहीत होतं, तरी मी लावला. आता तो गाडीत परत जाणार नाही असं मी धरून चालले होते.

नव्या बल्बला काच नाही, तार नाही. मधोमध एक चपटी पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना पिवळ्या टिकल्या, पाठीमागे ॲल्युमिनियमच्या पाकळ्या आणि त्यांच्या पोटात नखाएवढा पंखा. पंख्याचं कारण असं की हॅलोजन आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकून देतो. त्याला दिलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णताच होते आणि ती समोरच्या काचेतून बाहेर पडते. एलईडीच्या उजेडात उष्णता जवळजवळ नसते. ती टिकलीच्या पाठीशी साचते आणि तिथून काढली नाही तर उजेड मंदावतो, पुढे टिकलीच मरते. म्हणजे जो पंखा फिरत राहण्यावर सगळं अवलंबून, तो आता चिखल, पान आणि कोळ्याच्या जाळ्याच्या शेजारी राहायला जाणार होता.

बसवला, बटण दाबलं, अंधार. धाकट्यानं खोकं उलटसुलट करून पाहिलं. मग लक्षात आलं की तारेला अधिक-उण्याशी काही देणंघेणं नसतं, वीज इकडून आली काय नि तिकडून आली काय, ती पेटते. एलईडीमधून वीज एकाच दिशेनं जाते. कनेक्टर उलटा करून लावला आणि समोरची भिंत दिवसासारखी पांढरी झाली.

त्या रात्री मी तीनदा खाली जाऊन ते दिवे लावून पाहिले, हे कबूल करायला हवं. हेडलाइटचा पिवळट उजेड त्यांच्यापुढे ओशाळा दिसत होता. भिंत खालपासून वरपर्यंत उजळली होती, वरच्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत. मला वाटलं, वा! फॉग लाइटचा उजेड वरच्या मजल्यावर काय करतोय, हा प्रश्न मला पडला नाही.

पुढचं धुकं यायला तीन आठवडे लागले. मी त्याची वाटच बघत होते म्हणा ना. पहाटे निघाले, पट्टा लागला, मोठ्या ऐटीत बटण दाबलं, आणि रस्ता नाहीसा झाला. गाडीच्या पुढं चार हातांवर एक पांढरी भिंत उभी राहिली आणि मी पुढे जाईन तसतशी तीही पुढे सरकू लागली. कडेची रेघ शोधली. ती दिसेना. शेवटी बटण बंद केलं, नुसत्या डिपरवर, काच खाली करून, मान बाहेर काढून गाडी चालवली. आणि तेव्हा मला ते दोन पिवळट डाग आठवले. त्या डागांत काय दिसत होतं? रेघ दिसत होती. दुसरं काही नाही, फक्त रेघ. आणि रेघ दिसत होती म्हणून आम्ही सुखरूप बाहेर आलो होतो.

घरी येऊन मी वाचायला बसले. हे काम मला स्क्रूड्रायव्हरपेक्षा बरं जमतं.

सगळ्यात आधी पिवळ्या रंगाचा सोक्षमोक्ष लावला, कारण धाकट्याचं म्हणणं होतं की उजेड पांढरा होता म्हणून फसलो, पिवळा धुकं कापत जातो. ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यामागे एक खरा नियम चुकीच्या ठिकाणी लावलेला आहे. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलेला हा नियम सांगतो की हवेच्या रेणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांवर निळा उजेड लाल-पिवळ्यापेक्षा खूप जास्त विखुरतो. आकाश निळं दिसतं ते म्हणूनच. पण धुक्याचा थेंब रेणूएवढा नसतो. तो साधारण दहा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे दिसणाऱ्या उजेडाच्या लहरीच्या कितीतरी पट मोठा. एवढ्या मोठ्या थेंबावर उजेड कसा विखुरतो याचं गणित गुस्ताव मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये मांडलं आणि त्याप्रमाणे सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. पुरावा डोळ्यांसमोर आहे: धुकं पांढरं दिसतं. एखादा रंग त्यातून निसटून जात असता तर धुक्याला रंग असता. फ्रान्समध्ये १९३६ पासून १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट कायद्यानंच पिवळे असायचे, तरी तिथल्या धुक्यानं कुणाला वाट करून दिली असेल असं वाटत नाही. पिवळ्याचा एक फायदा मात्र खरा आहे. त्यात निळा भाग कमी असतो. निळा उजेड डोळ्याला जास्त खुपतो आणि त्यावर नजरही नीट स्थिरावत नाही. आणि पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडीच, त्यावर पिवळ्या भुकटीचा थर दिलेला. या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा त्याची निंदा करायची माझी छाती नाही. पण त्या पहाटे डोळ्यांत जे टोचत होतं त्यात त्याचा वाटा होता.

खरा घोटाळा रंगाचा नव्हता. दाट धुक्यातही एका घनमीटर हवेत पाणी असतं फार तर अर्धा ग्रॅम. एवढ्याशा पाण्यानं रस्ता झाकला जातो, कारण ते कोट्यवधी थेंबांत वाटलेलं असतं आणि प्रत्येक थेंब आपल्या वाट्याला आलेला उजेड चहूकडे फेकतो, थोडा आपल्याकडेही. म्हणजे डोळा आणि रस्ता यांच्यामधली जेवढी हवा उजळेल, तेवढा पडदा जाड. अपर लावल्यावर भिंत उभी राहते ती यामुळे. फॉग लाइट बंपरच्या तळाशी असतो आणि त्याचा उजेड आडवा, पसरट आणि वरून सुरीनं कापल्यासारखा असतो, तोही याचसाठी. तो धुक्याच्या खालच्या थरातून जमिनीसरसा जातो, आपली नजर वरून जाते आणि मधली हवा अंधारीच राहते. त्या दिव्याची सगळी करामत त्या वरच्या काळोखात आहे. मी त्याच काळोखात उजेड भरला होता.

पण हे वाचून समजणं वेगळं. पटलं ते दुसऱ्याच एका रात्री.

धाकटा म्हणाला, "तू समोरून कधी बघितलंयस का स्वतःच्या गाडीला?" नव्हतंच बघितलं. कोण बघतं? आम्ही एक सरळ, रिकामा रस्ता गाठला. मी त्याच्या गाडीत स्टेअरिंगवर बसले, इंजिन बंद. तो माझी गाडी घेऊन लांब गेला, वळला आणि डिपर लावून यायला लागला. छान दिसत होती. रस्ता, कडेची झुडपं, मधली रेघ, सगळं जागच्या जागी. मग त्यानं फॉग लाइट लावले.

मी हात डोळ्यांसमोर धरला. ठरवून नव्हे, हात आपोआप वर गेला. दोन पांढरे गोळे, त्यांना फुटलेले काटे, बाकी सगळं काळं. रस्ता गेला, झुडपं गेली. फोनवर तो विचारत होता, "ताई, काय दिसतंय?"

"काही नाही."

"म्हणजे गाडी कशी दिसतेय?"

"अरे, गाडी दिसतच नाहीये. तू थांबलायस की येतोयस तेही कळत नाहीये. बंद कर आधी."

त्यानं बंद केले. डोळ्यांत हिरवी वर्तुळं तरंगत राहिली. तीन आठवडे मी हे दिवे लावून रोज संध्याकाळी परत येत होते, धुकं असो नसो, कारण रस्ता छान उजळायचा. समोरचे लोक डिपर मारायचे तेव्हा मला वाटायचं, माझ्या नव्या दिव्यांनी त्यांचं लक्ष वेधून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी बल्ब पुन्हा बाहेर काढले. बोटं आता सराईत झाली होती, दोन्ही बाजूंचं मिळून वीस मिनिटांत झालं. एक चूक लगेच सापडली. पट्टीच्या दोन अंगांना असलेल्या टिकल्यांनी डावीकडे-उजवीकडे, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला बघायला हवं. माझ्या एका बल्बाच्या टिकल्या वर-खाली बघत होत्या. बल्बाच्या गळ्यातली कडी एका बारीक स्क्रूनं सैल करून फिरवता येते, ती मी न बघता जशी आली तशी बसवली होती. ती फिरवली, भिंतीवर चिकटपट्टी लावून पाहिलं. वरच्या मजल्याच्या खिडक्या अंधारात गेल्या. धाकटा खूश झाला. "झालं की काम!"

नव्हतं झालं. उजेडाची वरची कड अजून फिस्कारलेली होती, ओल्या कागदावर शाईची रेघ पसरावी तशी. जुना हॅलोजन शेजारच्या दिव्यात घालून पाहिला, तर त्याची कड मंद होती पण स्वच्छ होती. कारण साधं आहे. दिव्यातला आरसा त्या चार-पाच मिलिमीटर तारेच्या भोवती बेतलेला असतो. तार नेमकी कुठे असणार, हे धरून आरशाचा प्रत्येक ठिपका वळवलेला असतो. एलईडीमध्ये तारेच्या जागी दोन टिकल्या, मध्ये पट्टीची जाडी. म्हणजे उजेडाचा उगम एक-दोन मिलिमीटर इकडे, एक-दोन मिलिमीटर तिकडे सरकलेला. आपल्याला ते काहीच वाटत नाही. आरशाला वाटतं. टॉर्च धरणाऱ्यावर मी ओरडत होते, "तिकडे नाही, इकडे", तेच तो आरसा ओरडत होता.

अनेक देशांत हॅलोजनच्या दिव्यात असा एलईडी बल्ब घालणं रस्त्यावर चालत नाही, कारण दिव्याला दिलेली मान्यता त्यातल्या बल्बासकट असते. जर्मनीत २०२० पासून काही बल्बांना मंजुरी मिळू लागली, पण तीही ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यासाठी, एकेक तपासून. 'कुठेही चालेल'च्या बरोबर उलट. आधी मला हे नियम म्हणजे सरकारी किचकटपणा वाटायचे. समोरून पाहिल्यापासून वाटत नाहीत.

मधल्या काळात धाकट्यालाही ही लागण झाली होती, ते सांगायचं राहिलं. त्याची गाडी नवी, तिच्यात बल्ब गेला की डॅशबोर्डवर सूचना येते. गाडी ते ओळखते विजेच्या प्रवाहावरून. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, एलईडी दीड-पावणेदोन. गाडीला वाटलं बल्ब गेला. दिवा लुकलुकायला लागला, सूचना जाईना. मग कुणाच्या तरी सल्ल्यानं त्यानं सहा ओहमचा रेझिस्टर जोडला. म्हणजे वीज वाचवायला एलईडी लावायचा आणि वाचलेल्यांतले चोवीस वॉट रेझिस्टर तापवण्यात घालवायचे. तो रेझिस्टर धातूच्या पत्र्याला आवळायचा असतो, यानं प्लॅस्टिकच्या पट्टीनं वायरिंगलाच बांधला. वास आला म्हणून बरं.

मी शेवटी बल्बाचा नाद सोडला आणि दिवाच बदलला. आपल्याकडे बोलण्यात दिवा आणि बल्ब यांची सरमिसळ होते, माझी झाली होती तशी. अख्खा एलईडीचा फॉग लॅम्प मिळतो, ज्यात आरसा, भिंग आणि टिकली ही एकमेकांसाठीच बनवलेली असतात आणि बल्ब वेगळा काढताच येत नाही. काचेवर वर्तुळातला ई आणि शेजारी एफ-३ असा ठसा आहे की नाही ते बघून घेतला. ई हा मान्यतेचा ठसा, एफ-३ हा पुढच्या फॉग लाइटाचा. खोक्यावर लुमेनचा आकडा इतका लहान होता की पूर्वीच्या मी तो हातातही घेतला नसता. बसवण्याचं काम सोपं: तीन स्क्रू, एक कनेक्टर, मागची रबरी कडी नीट बसली का ते पाहणं, नाही तर आत दमट हवा शिरून काचेवर आतून घाम येतो.

वेळ लागला तो कोन लावायला. सपाट जमीन, समोर भिंत, दिव्यापासून दहा मीटर. दिव्याचा मध्य जमिनीपासून जेवढा उंच, माझ्या गाडीत ४० सेंटिमीटर, तेवढ्या उंचीवर भिंतीवर चिकटपट्टी. उजेडाची वरची कड त्या पट्टीच्या दहा ते वीस सेंटिमीटर खाली यायला हवी. मी वीसवर ठेवली. दिव्याखालचा स्क्रू फिरवला की कड वर-खाली होते, अगदी हळू. तेव्हा सहज मनात हिशेब आला. दहा मीटरवर वीस सेंटिमीटर उतरणारा उजेड, चाळीस सेंटिमीटरवरून निघाला, तर वीस मीटरवर जमिनीला टेकणार. म्हणजे हा दिवा मला वीस मीटरच दाखवणार. वीस मीटरमध्ये गाडी थांबवायची तर वेग किती हवा? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, दहा मीटर गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण दहा. वीस. ताशी ६० असते तर पंचेचाळीस मीटर लागले असते. त्या पहिल्या पहाटे, काजव्यांच्या उजेडात, मी तिसानं गाडी चालवत होते. कुणी सांगितलं नव्हतं, दिव्यानंच चालवायला लावलं होतं.

नव्या दिव्यांनी आतापर्यंत चार धुकी पाहिली. कडेची रेघ दिसते, पूर्वीपेक्षा थोडी रुंद, दोन्ही बाजूंची. लांबचं काही दिसत नाही. एक तक्रार आहे. थंड पहाटे काचेवर दव बसतं आणि बसूनच राहतं. हॅलोजनची वाया जाणारी म्हणून जी उष्णता मी हिशेबातून काढून टाकली होती, ती ही काच वाळवायचं काम फुकटात करायची. आता दारातल्या खिशात फडकं ठेवलंय. निघताना वाकून दोन्ही काचा पुसायच्या, विसरले तर वाटेत थांबून पुसायच्या.

परवाच्या धुक्यातून बाहेर पडले तेव्हा ऊन यायला लागलं होतं. शेतं दिसायला लागली, मी वेग वाढवला, गाणी लावली. समोरून येणाऱ्या ट्रकनं डिपर मारला. मला वाटलं, पुन्हा कोन बिघडला की काय, कुठल्या खड्ड्यात स्क्रू फिरला असेल, आता गेल्यावर परत चिकटपट्टी, परत भिंत. त्याच्या मागच्या जीपनंही मारला. मग डॅशबोर्डकडे लक्ष गेलं. धुकं कधीच मागं पडलं होतं आणि तो हिरवा दिवा अजून लागलेलाच होता. बटण दाबलं.